१५५ सीसीची स्पोर्ट बाइक: आकडे कसे वाचायचे, गाडी कशी निवडायची

बारावीचा निकाल लागला की आणि मग पुन्हा दसऱ्याच्या तोंडावर वाचकांचे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. "यामाहा आर१५ घेऊ की पल्सर आरएस२००?" "टॉप स्पीड किती?" "उंची पाच फूट चार इंच आहे, पाय टेकतील का?" आणि पालकांकडून, "मुलगा हट्टाला पेटलाय. ही गाडी रोजच्या वापराची आहे का हो?" यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शोरूममध्ये त्याचं सरळ उत्तर क्वचितच मिळतं, म्हणून इथे त्याच्यापासूनच सुरुवात करू.

उदाहरणासाठी आर१५ घेतली आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तिच्याबद्दलच असतो. २००८ मध्ये ती भारतात आली. लिक्विड कूलिंग, फ्युएल इंजेक्शन आणि चार व्हॉल्व्हचं इंजिन दीडशे सीसीच्या गाडीत आपल्याकडे तोवर कोणी देत नव्हतं. सध्या विकली जाते ती चौथी आवृत्ती, म्हणजे व्ही४. ती २०२१ मध्ये आली. इथे सांगितलेलं बहुतेक सगळं आरएस२००, केटीएम आरसी २०० किंवा सुझुकी जिक्सर एसएफ २५० घेणाऱ्यांनाही लागू पडेल.

आधी स्वतःला विचारा

- रोजचं अंतर किती, आणि त्यातलं सिग्नल-ट्रॅफिकमधलं किती?
- आठवड्यातून किती वेळा कुणाला तरी मागे बसवावं लागतं?
- घरात दुसरी दुचाकी आहे का? भाजी, गॅस, आजीचा दवाखाना ही कामं कोणती गाडी करणार?
- पाठ, मनगट किंवा मानेचं जुनं दुखणं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "रोज" असेल आणि तिसऱ्याचं "नाही", तर माझा सल्ला स्पष्ट आहे: फेअरिंगवाली स्पोर्ट बाइक घेऊ नका. त्याच इंजिनाची सरळ हँडलची गाडी मिळते. आर१५ च्या घरातली एमटी-१५ आहे, आरसी २०० च्या घरातली ड्यूक २०० आहे. दिसायला कमी वाटेल, पण वर्षभरानंतर तुम्ही ती चालवत असाल.

माहितीपत्रकातले आकडे

आर१५ व्ही४ च्या माहितीपत्रकात १५५ सीसी, १०,००० आरपीएमला १८.४ पीएस ताकद आणि ७,५०० आरपीएमला १४.२ न्यूटन मीटर टॉर्क असं लिहिलेलं असतं. बहुतेक जण १८.४ वाचतात आणि थांबतात. खरी माहिती तिच्या शेजारच्या १०,००० या आकड्यात आहे.

संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर तुमचं इंजिन तीन ते पाच हजार आरपीएमच्या दरम्यान फिरत असतं. तिथे १८.४ पीएस नसतातच. ती ताकद मिळवायची तर गिअर खाली टाकून रेस पिळावी लागते, आणि शहरात तशी संधी दिवसातून दोन-चार सेकंदच येते. म्हणून कमाल ताकदीपेक्षा टॉर्क किती आणि तो किती आरपीएमला मिळतो, हे आधी पाहा. जिक्सर एसएफ २५० मध्ये २२.२ न्यूटन मीटर ७,३०० आरपीएमला मिळतात. आरसी २०० मध्ये १९.२ न्यूटन मीटर ८,००० आरपीएमला. ट्रॅफिकमध्ये तिसऱ्या गिअरवरून ओढून नेणारी गाडी हवी असेल, तर सुझुकी शांतपणे जिंकते, जरी तिचं इंजिन लिक्विड कूल्ड नसून ऑइल कूल्ड असलं तरी.

आर१५ ने या अडचणीवर व्हीव्हीए नावाचा तोडगा काढला आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हसाठी कॅमशाफ्टवर दोन आकार असतात, एक कमी वेगासाठी आणि एक जास्त वेगासाठी. ७,४०० आरपीएमच्या आसपास एक पिन सरकते आणि दुसरा आकार कामाला लागतो; मीटरवर तसं चिन्ह उमटतं. त्यामुळे खालच्या टप्प्यात गाडी अगदी मरगळलेली वाटत नाही आणि वरच्या टप्प्यात दमही तोडत नाही. शिवाय सिलिंडरचा व्यास ५८ मिमी आणि स्ट्रोक ५८.७ मिमी, म्हणजे जवळपास सारखे आहेत. आरएस२०० आणि आरसी २०० मध्ये हेच माप ७२ आणि ४९ मिमी आहे. रुंद सिलिंडर आणि छोटा स्ट्रोक असलेलं इंजिन वर चढायला उत्सुक असतं, खाली रेंगाळायला नाराज. आरसी २०० शहरात अस्वस्थ का वाटते, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं तिच्या हँडलमध्ये.

आता वजन. आर१५ भरलेल्या टाकीसह सुमारे १४२ किलो, आरएस२०० सुमारे १६६ किलो. आरएस२०० ची ताकद २४.५ पीएस. कागदावर हा फरक एक तृतीयांश इतका दिसतो. ७० किलोचा माणूस बसला की आर१५ च्या वाट्याला दर १०० किलोमागे साधारण ८.७ पीएस येतात, आरएस२०० च्या वाट्याला १०.४. म्हणजे फरक एक पंचमांशावर आला. मागे ६० किलोचा मित्र बसला की आर१५ चे ६.८ उरतात. घाट चढताना डबलसीट आर१५ ला वारंवार गिअर का बदलावा लागतो, हे यावरून कळेल.

टॉप स्पीडबद्दल एवढंच सांगतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि शहरात ६० किलोमीटर आहे. स्थानिक फलकावर त्याहून कमीही असू शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू दुचाकींना बंद आहेत. ताशी १३० ला जाणारी गाडी तुम्ही कायद्याने कुठे चालवणार, हे विकणाऱ्याला विचारून पाहा. तुमच्या कामाचा आकडा ४० ते ८० हा वेग किती चटकन गाठता येतो हा आहे, कारण साध्या महामार्गावर ट्रक ओलांडताना तोच लागतो.

कोणत्या वैशिष्ट्यासाठी पैसे मोजावेत?

- ड्युअल चॅनल एबीएस. यावर तडजोड नको. १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, पण फक्त पुढच्या चाकाचं एबीएसही नियमात बसतं. पावसाळ्यात मागचं चाक घसरून पडणारे कमी नसतात. दोन्ही चाकांना आहे का, हे विचारा.
- असिस्ट अँड स्लिपर क्लच. नावावरून रेसिंगचा वाटतो, पण याचा खरा फायदा ट्रॅफिकमध्ये होतो: क्लचचा लिव्हर हलका होतो. घाटात घाईने खालचा गिअर टाकला तरी मागचं चाक उसळत नाही.
- ट्रॅक्शन कंट्रोल. १८ पीएसच्या गाडीला कोरड्या रस्त्यावर त्याचं फारसं काम नाही. ओल्या लाल मातीवर, खडीवर किंवा रंगवलेल्या पट्ट्यांवर मात्र आहे. असल्यास उत्तम.
- क्विकशिफ्टर. क्लच न दाबता गिअर बदलता येतो. आर१५ मध्ये तो फक्त वरचा गिअर टाकताना चालतो आणि प्रत्येक प्रकारात मिळत नाही. एवढ्यासाठी महागडा प्रकार घेण्यात मला अर्थ दिसत नाही.
- ब्लूटूथ, रंगीत मीटर. फोन खिशात ठेवा.

शरीराला काय सोसावं लागेल?

गाडीच्या आकड्यांवर तासन्‌तास बोलणारे लोक मनगटाबद्दल बोलत नाहीत, आणि गाडी विकायला काढण्याची वेळ बहुतेकदा मनगटामुळेच येते.

अशा गाड्यांना क्लिप-ऑन हँडल असतं, म्हणजे दोन वेगळे दांडे पुढच्या फोर्कला खाली बांधलेले. पायठेवणी मागे आणि वर. त्यामुळे तुम्ही पुढे झुकता. ताशी ७०-८० ला छातीवर येणारा वारा तुमचं थोडं वजन उचलतो आणि ही बैठक आरामदायक होते. ताशी २० ला वारा नसतो आणि सगळं वजन तळव्यांवर येतं. म्हणजे ज्या वेगाला ही गाडी बांधली आहे, नेमका तोच वेग शहरात मिळत नाही. अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतर अंगठ्याच्या बुडाशी मुंग्या आल्या, तर कारण हे आहे.

त्यावर उपाय आहेत. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि पोट-कमरेच्या जोरावर शरीर पेला. कोपर किंचित वाकलेले ठेवा. ताठ हातांनी खड्ड्यांचे धक्के थेट खांद्यात जातात. पहिला महिनाभर स्नायू दुखतील, मग सवय होते. पण बधिरपणा किंवा मानेतून हातात उतरणारी कळ ही सवयीने जाणारी गोष्ट नाही. तसं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि गाडीचा फेरविचार करा. हँडलखाली जाड चकत्या घालून ते उंच करून देणारे गॅरेजवाले भेटतात. त्याने ब्रेकची नळी आणि वायरी ताणल्या जाऊ शकतात आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो.

उंचीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. आर१५ ची सीट ८१५ मिमी उंच आहे, जिक्सर एसएफ २५० ची ८०० मिमी. पाच फूट चार इंचाच्या माणसाचे दोन्ही तळवे आर१५ वर पूर्ण टेकणार नाहीत, चवडे टेकतील, आणि तेवढं पुरतं. गाडी हलकी असणं इथे कामी येतं. खरी कसोटी असते उताराकडे तोंड करून लावलेली गाडी बसल्याबसल्या मागे ढकलण्याची. ती टेस्ट राइडमध्ये करून पाहा.

डबलसीट

आर१५ ची मागची सीट छोटी, उंच आणि कडक आहे. मागे बसणाऱ्याला तुमच्या पाठीवर किंवा टाकीवर हात टेकून बसावं लागतं, आणि प्रत्येक ब्रेकला त्याचं वजन तुमच्या मनगटावर येतं. साडी नेसणारं कुणी घरात असेल, तर त्यांना एकदा बसवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आर१५ एस या प्रकारात सलग सीट येते, ती जराशी बरी. "साडी गार्ड काढून देऊ का, लूक चांगला येतो," असं कुणी विचारलं तर नको म्हणा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागच्या माणसासाठी पकड, पायठेवणी आणि चाकावरचं संरक्षण बंधनकारक आहे, आणि ओढणी चाकात अडकण्याचे अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत.

टेस्ट राइड कशी घ्यावी?

शोरूमभोवतीची एक फेरी म्हणजे टेस्ट राइड नव्हे. किमान वीस मिनिटं मागा, शक्यतो गर्दीच्या वेळी.

1. तिसऱ्या गिअरला ताशी ३० वर सोडा आणि क्लच न वापरता रेस द्या. इंजिन कुरकुरतं का पाहा.
2. अरुंद रस्त्यावर यू-टर्न घ्या. क्लिप-ऑन हँडल पूर्ण वळवताना अंगठा टाकीला घासतो का?
3. मोठ्या गतिरोधकावरून तिरकं न होता सरळ जा, एकट्याने आणि डबलसीट.
4. थांबल्यावर पंख्याची गरम हवा पायाला कितपत लागते ते बघा.
5. आरशात आपले कोपर दिसतात की मागचा रस्ता?

खर्चाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीची किंमत सांगणारे मित्र आणि जुने व्हिडिओ बाजूला ठेवा.

विमा मात्र नीट समजून घ्या. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सीसीच्या गटावर ठरतो आणि गटाची रेघ १५० सीसीवर आहे. २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीसाठी पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये, करांशिवाय. म्हणजे १५५ सीसीची आर१५ वरच्या पाच सीसींपायी जवळपास दुप्पट भरते. चालू दर विचारून घ्या, पण गट हाच राहील असं धरून चाला.

यापेक्षा मोठा मुद्दा पुढे आहे. ही गाडी प्लॅस्टिकने मढवलेली असते. साध्या विम्यात नुकसानभरपाई देताना प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. गाडी उभ्या उभ्या स्टँडवरून पडली तरी एका बाजूचं फेअरिंग, इंडिकेटर, लिव्हर आणि हँडलचं टोक जातं, आणि त्यातलं बरंचसं प्लॅस्टिकच. म्हणून निदान पहिली तीन वर्षं झिरो डेप्रिसिएशनचं पूरक कवच घ्या. सरळ हँडलच्या गाडीला मी हा आग्रह धरला नसता.

मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच लागतं. ते तुमच्याकडे आधीच असेल तर पुन्हा घेण्याची गरज नाही.

मायलेज विचाराल तर आर१५ शांतपणे चालवल्यास लिटरला ४० च्या आगेमागे देते, पिळल्यास त्याहून बरंच कमी. टाकी ११ लिटरची आहे. बाकी देखभालीत चेनला पावसाळ्यात लवकर लवकर तेल द्यावं लागतं, कूलंट तपासावं लागतं आणि १४० मिमीचा मागचा रेडियल टायर बदलताना कम्युटर गाडीपेक्षा बराच जास्त खर्च येतो. पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो.

शोरूममध्ये तुमचे हक्क

- विमा त्यांच्याकडूनच घ्या, अशी सक्ती विक्रेता करू शकत नाही. बाहेरून दर काढा.
- ऑन-रोड किमतीची फोड लेखी मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज. "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक्स" या नावाखाली काही असेल तर ते कशाचं, हे विचारा आणि त्याची पावती मागा. बहुतेकदा विचारल्याबरोबर ते कमी होतं.
- नको असलेल्या ॲक्सेसरीज, टेफ्लॉन कोटिंग वगैरे नाकारता येतं.
- बीआयएस प्रमाणित हेल्मेट गाडीसोबत पुरवण्याची जबाबदारी नियम १३८ नुसार उत्पादकाची आहे. आठवणीने मागा.
- नोंदणी क्रमांक आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागल्याशिवाय विक्रेत्याने ताबा द्यायचा नसतो. "प्लेट आठवड्याने घेऊन जा" हे मान्य करू नका.
- विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये नवी म्हणून मिळत असेल, तर पुनर्विक्रीत तुमचं एक वर्ष जातं. सूट मागा.

तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मिटलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी चालतं.

पालकांसाठी दोन शब्द

गिअरच्या मोटरसायकलसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. "सोसायटीतल्या सोसायटीत चालवतो" हे आपण मनाशी म्हणतो, गेटबाहेर काय होतं ते वेगळं. लर्निंग लायसन्सवर मित्राला मागे बसवणंही बेकायदाच आहे.

आवाजाचा सायलेन्सर लावायचा बेत असेल तर सोडून द्या. मूळ रचनेत केलेला बदल कलम ५२ मध्ये अडकतो, आवाजाच्या नियमभंगाचा दंड वेगळा, आणि १८ पीएसच्या गाडीला त्याने पिकअप मिळत नाही.

जुनी घ्यायची असेल तर

सेकंडहँड आर१५ भरपूर मिळतात. इथे आवृत्ती आणि वर्ष दोन्ही बघा. व्ही३ २०१८ मध्ये आली तेव्हा तिला एबीएस नव्हतं. जानेवारी २०१९ पासून ड्युअल चॅनल एबीएस आलं. म्हणजे दिसायला अगदी सारख्या दोन गाड्यांत जिवाशी संबंधित फरक आहे. २०१८ ची गाडी कितीही चकचकीत असली तरी मी घेणार नाही. बीएस४ व्ही३ ची ताकद १९.३ पीएस होती, बीएस६ मध्ये ती १८.६ झाली; "जुनी जास्त पळते" या दाव्यात तथ्य एवढंच.

- फेअरिंगचे स्क्रू आणि क्लिपा बघा. नव्या फेअरिंगखाली जुनं पडणं लपतं. लिव्हरची टोकं, पायठेवणीच्या कडा, हँडल स्टॉपरजवळचा रंग तपासा.
- पुढच्या फोर्कच्या सीलमधून तेल गळतं का, रेडिएटरच्या पात्या खडीने दबल्या आहेत का पाहा.
- इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.
- गाडीच्या क्रमांकावर प्रलंबित ई-चलन आहेत का ते महाट्रॅफिक ॲप किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर पाहा. या वर्गातल्या गाड्यांवर ती हमखास निघतात. व्यवहाराआधी विकणाऱ्याला भरायला लावा.
- कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. गाडी दुसऱ्या राज्यातली, समजा गोवा किंवा कर्नाटकातली, असेल तर फॉर्म २८ चं ना हरकत प्रमाणपत्रही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून "नावावर नंतर करू" असं ठरवणाऱ्या विकणाऱ्यांनी सावध राहावं: नोंदणी बदलेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते. घेणाऱ्याने नाव बदलण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, विमा मात्र १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. या दोन मुदती वेगळ्या आहेत आणि लोक दुसरी विसरतात.